तांब्यावरची लढाई

दहा पुरुष आहेत आणि दहाही नागवे. कुणाच्या हातात तलवार, कुणाच्या हातात परशू, कुणी धनुष्य ताणलेलं, तर कुणी खाली पडलेल्या माणसावर खंजीर उगारलेला. ओठ विचकलेले, भुवया आक्रसलेल्या, आणि अंगावरचा एकेक स्नायू असा फुगलेला की कातडी नावापुरतीच उरली आहे. मागे कणसं धरलेली उंच ताटं, वेली आणि झाडं यांची दाट भिंत उभी; त्या भिंतीतून पळून जायला वाट नाही. डावीकडच्या झाडाला एक पाटी टांगली आहे. तिच्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय, की हे काम फ्लॉरेन्सच्या आंतोनिओ पोल्लाइउओलोचं.

लढाई कुठली, हे मात्र पाटी सांगत नाही. लढणाऱ्यांपैकी पाच जणांनी कपाळाला पट्टी बांधली आहे, पाच जणांनी नाही. त्यावरून दोन पक्ष आखावेत असं वाटतं, पण आखूनही गोष्ट काही हाती लागत नाही. ‘नग्न पुरुषांची लढाई’ हे नाव नंतरच्या लोकांनी सोयीसाठी ठेवलं. 1470 ते 1490च्या दरम्यान कधीतरी तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या या चित्राबद्दल कलेचे इतिहासकार आजही एकमेकांशी भांडतात.

त्या काळात कागदावर छापलेली चित्रं म्हणजे बहुतेक संतांच्या छोट्या प्रतिमा, जत्रेत विकत घेऊन घरात लावायच्या, किंवा मग पत्त्यांचे जोड. पोल्लाइउओलोचं हे चित्र साधारण 42 सेंटिमीटर उंच आणि 61 सेंटिमीटर रुंद आहे. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्समध्ये ताम्रपत्रावर एवढं मोठं चित्र कोरणं ही जवळजवळ उद्धटपणाची गोष्ट होती. आणि त्यात ना मेरी, ना येशू, ना एखादा संत. शिवाय कलावंताचं पूर्ण नाव, तेही गावासकट.

हा कलावंत मुळात सोनार. बाप कोंबड्या विकायचा, पोरगा सोन्याचांदीच्या कामात शिरला आणि पुढे चित्रकार, शिल्पकार, दोन पोपांच्या कबरींचा कर्ता झाला. सोनाराला कोरणी नवी नव्हती. चांदीवर रेषा कोरायच्या, त्यांत काळं मिश्रण भरायचं आणि वितळवून पक्कं करायचं, हे निएलो नावाचं काम फ्लॉरेन्सच्या पेढ्यांवर रोजचंच होतं. ताम्रपत्रावरचं मुद्राचित्र त्याच्याच शेजारचं. ब्युरिन ही तिरक्या धारेची पोलादी कोरणी तळहाताच्या जोरावर पत्र्यात पुढे ढकलायची, तांब्याची बारीक तार सुटत जाते आणि मागे चर उरतो. मग पत्र्याला शाई माखायची, वरची पुसून टाकायची, चरांत उरलेली ओलसर कागदावर दाबून घ्यायची. एका पत्र्यावरून काही शे चांगल्या प्रती निघतात. पुढे चर झिजतात आणि चित्र फिकट पडत जातं. पोल्लाइउओलोच्या पत्र्याचंही तेच झालं. झिजलेल्या चरांवर पुन्हा कोरणी फिरवून तो वापरला गेला. आज जगात याच्या पन्नासच्या आसपास प्रती आहेत, पण पत्रा ताजा असताना काढलेली म्हणून ओळखली जाणारी प्रत एकच. ती अमेरिकेत क्लीव्हलँडच्या कलासंग्रहालयात आहे.

आता अर्थाकडे. पुढच्या दोघा योद्ध्यांनी दोन टोकांना एक साखळी धरली आहे. या साखळीवर विद्वानांनी बराच कागद खर्च केला. कुणाला ती टायटस मॅन्लियसची आठवण वाटली: या रोमन तरुणाने एका धिप्पाड गॉल योद्ध्याला द्वंद्वात मारून त्याच्या गळ्यातला हार काढून घेतला आणि त्यावरून ‘टॉर्क्वेटस’ हे बिरुद मिळवलं. कुणाला हे ग्लॅडिएटर वाटले. रोममध्ये ग्लॅडिएटरांची झुंज पहिल्यांदा झाली ती इसवी सनपूर्व 264मध्ये, ब्रूटस पेरा नावाच्या उमरावाच्या उत्तरकार्यात, त्याच्या मुलांनी भरवलेली. तेव्हा मृताच्या सन्मानासाठी वाहिलेलं रक्त असा चित्राचा अर्थ लावता येतो. आणखी कुणाला त्यात शरीराच्या बेडीत अडकलेला आत्मा दिसला.

ग्लॅडिएटरांच्या तर्काला एक साधी अडचण आहे. खरे ग्लॅडिएटर असे उघडे लढत नसत. कुणाला जड शिरस्त्राण आणि मोठी ढाल, कुणाला जाळं आणि त्रिशूळ, कुणाच्या दंडाला चामड्याचं वेष्टन. कोणी काय घालायचं याचे प्रकार ठरलेले होते. पोल्लाइउओलोच्या माणसांकडे हत्यारं आहेत, बचावाचं साधन जवळजवळ नाही. ही नग्नता आखाड्यातून आलेली नाही, ती दगडातून आली आहे. रोमन श्रीमंतांच्या संगमरवरी शवपेट्यांवर लढायांची शिल्पं असत. पिसा शहरातल्या काम्पोसान्तो या दफनभूमीत अशा कित्येक पेट्या कुणालाही दिसतील अशा होत्या, आणि रोममध्ये तर त्या पावलोपावली. प्राचीन युद्धाचं इटालियन कलावंतांचं ज्ञान पुस्तकांपेक्षा जास्त या पेट्यांवरून आलेलं. तिथे वीर उघडा असे, कारण तो वीर आहे. पराभूत रानटीही कधी उघडा असे, कारण तो पराभूत आहे. एकाच नग्नतेचे दोन परस्परविरोधी अर्थ दगडातच होते. कागदावर ते दोन्ही उतरले.

त्यात भर पडली अभ्यासाच्या शिस्तीची. लेओन बात्तिस्ता आल्बेर्तीने 1435च्या आपल्या चित्रकलेवरच्या ग्रंथात सांगून ठेवलं होतं, की माणूस रंगवताना आधी हाडं मनात धरा, मग स्नायू, मग मांस, आणि कपडे सर्वांत शेवटी. कलावंतांची चरित्रं लिहिणारा वाझारी सांगतो की पोल्लाइउओलोने स्नायू समजून घ्यायला प्रेतं सोलून पाहिली. वाझारीच्या गोष्टी जरा जपूनच वाचाव्यात. पण चित्रातल्या मध्यभागाच्या दोघांकडे नीट पाहिलं तर या माणसाचा हेतू लपत नाही. दोघांची ठेवण एकच आहे, एक समोरून दिसतो, दुसरा पाठमोरा. तलवार उपसलेला, पाय फाकवलेला एकच देह त्याने जणू फिरवून दाखवला. शिल्पकाराला पुतळ्याभोवती फिरता येतं, चित्रकाराला नाही, हा त्या काळातला चघळलेला वाद. सोनाराने तो एका पत्र्यावर निकाली काढला.

म्हणून या चित्रातली गोष्ट हरवली आहे असं म्हणण्यापेक्षा ती ठेवलीच नव्हती असं म्हणणं जास्त पटतं. नाव नसलेली लढाई कुणालाही वापरता येते. दूरच्या गावातला चित्रकार यातला एक पाय उचलून आपल्या संताच्या छळाच्या चित्रात लावू शकतो, दुसरा एक हात उचलून हर्क्युलसला जोडू शकतो. आणि तसं झालंही. जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या योहानेस नावाच्या कारागिराने तर अख्खं चित्रच लाकडी ठशावर उतरवून छापलं. प्राचीन युद्ध दाखवण्याच्या निमित्ताने प्रत्यक्षात चाललेली चढाओढ होती ती जिवंत कलावंतांची: प्राचीनांशी, आणि त्याहून जास्त एकमेकांशी.

लढाईला नाव द्यायचंच असेल, तर फ्लॉरेन्सला एक नाव तयार होतं. हर्क्युलस या नगरराज्याच्या मुद्रेवर तेराव्या शतकाच्या अखेरीपासून होता. जुलमी राक्षस मारणारा हा वीर म्हणजे आमचं प्रजासत्ताक, असा त्याचा अर्थ. मेदिची घराण्याने, जे नावाला नागरिक आणि व्यवहारात मालक होते, तो आपल्या दिवाणखान्यात आणला. 1460च्या सुमारास पोल्लाइउओलोने त्यांच्या वाड्यासाठी हर्क्युलसची तीन भलीमोठी चित्रं केली: सिंहाशी, हायड्राशी आणि अँटिअसशी झुंज. 1494मध्ये मेदिची हाकलले गेले आणि प्रजासत्ताकाने त्यांचा ठेवा ताब्यात घेतला. पुढे ही चित्रं नगरसभेच्या वाड्यात पाहिल्याची नोंद आहे. वीर तोच, झुंज तीच, पण आता मारला जाणारा जुलमी म्हणजे खुद्द मेदिची. ती तीन चित्रं काळाच्या ओघात नाहीशी झाली. त्यांतल्या रचना कशा होत्या याची कल्पना देणाऱ्या गोष्टींत पोल्लाइउओलोचीच छोटी फलकचित्रं आहेत, आणि सोनार क्रिस्तोफानो रोबेत्ताने ताम्रपत्रावर कोरलेली मुद्राचित्रंही.

अँटिअसची झुंज या काळात विशेष लाडकी. तो पृथ्वीचा मुलगा. अंग जमिनीला लागलं की त्याची ताकद परत येते. तांबड्या मातीतल्या कुस्तीत पाठ टेकली की पैलवान हरतो, इथे सगळा हिशेब उलटा आहे. म्हणून हर्क्युलस त्याला कवळ घालून उचलतो आणि अधांतरी आवळून मारतो. नीतीचा अर्थ लावणाऱ्यांना हे फारच सोयीचं पडलं: माती म्हणजे वासना, तिच्यापासून तोडलं की ती मरते. चित्रकार मान्तेन्याच्या वर्तुळातून निघालेल्या एका मुद्राचित्रावर तर अजिंक्य दैवी हर्क्युलसला अर्पण, अशा अर्थाचा लॅटिन लेख रोमन शिलालेखाच्या थाटात कोरलेला आहे. तरी ही चित्रं विकत घेणाऱ्यांना आधी नीती दिसत असेल की ताणलेल्या पाठीचा कणा, हा प्रश्न उरतोच.

आंद्रेया मान्तेन्याच्या चित्रात लढाईचा अर्थ निदान एका शब्दात तरी लिहिलेला आहे. मान्तुआच्या गोन्झागा घराण्याचा हा दरबारी चित्रकार. त्याचं ‘समुद्रदेवांची लढाई’ हे दोन पत्र्यांवर कोरलेलं, शेजारी शेजारी लावायचं लांबट चित्र, शवपेटीच्या दर्शनी पट्टीसारखं. अर्धे मासे, अर्धे घोडे, अर्धी माणसं असे जलचर उथळ पाण्यात एकमेकांवर तुटून पडले आहेत. हत्यारं बघा: काठ्या, हाडं, आणि माशांची जुडी. होय, एक जण दुसऱ्याला मासळीने झोडपतो आहे. मागे समुद्राचा देव नेपच्यूनचा पुतळा आहे आणि त्याने या सगळ्याकडे पाठ फिरवली आहे. डाव्या बाजूला एका जलराक्षसाच्या पाठीवर एक म्हातारी उभी आहे, हाडं निघालेली, स्तन लोंबलेले, तोंड वासलेलं. तिच्या हातातल्या पाटीवर अक्षरं आहेत ‘इन्व्हिड’, म्हणजे इन्व्हिडिया, मत्सर.

कुणाचा मत्सर कुणाला? मान्तुआतल्या कागदपत्रांत याचं एक उत्तर सापडतं, आणि ते चित्राइतकंच रांगडं आहे. 1475च्या सप्टेंबरमध्ये सिमोने आर्दित्सोनी नावाच्या चित्रकार-नक्षीकाराने मान्तुआचा शासक लुदोविको गोन्झागा याला एक तक्रारअर्ज लिहिला. तो मान्तुआत आला तेव्हा मान्तेन्याने त्याला गोड बोलून कामाचं आमिष दाखवलं होतं. सिमोनेने मात्र झोआन आंद्रेया या दुसऱ्या कलावंताला मदत करायचं ठरवलं. झोआन आंद्रेयाकडची मुद्राचित्रं, रेखाटनं आणि पदकं चोरीला गेली होती आणि पत्रे नव्याने कोरायचे होते. मान्तेन्या बिथरला. धमक्या झाल्या, आणि एका संध्याकाळी दहाहून जास्त हत्यारबंद माणसांनी सिमोने आणि झोआन आंद्रेयाला गाठून बदडलं. नंतर सिमोनेवर अनैसर्गिक संबंधांचा आरोप करण्यात आला, आणि तो शहर सोडून व्हेरोनाला पळाला. ही सगळी बाजू सिमोनेची, मान्तेन्याचं उत्तर आपल्यापुढे नाही. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये मान्तेन्याने जान मार्को काव्हाल्ली या सोनाराशी केलेला करार उपलब्ध आहे. मान्तेन्याच्या रेखाटनांवरून काव्हाल्लीने पत्रे कोरायचे, असं त्यात ठरलं. दरबारी चित्रकाराला आपल्या रेषांची किंमत नेमकी ठाऊक होती, हे त्यावरून दिसतं.

मुद्राचित्र येण्याआधी अशी भांडणं बहुधा या पातळीला जात नसत. भिंतीवरचं चित्र चोरून नेता येत नाही. छापलेला कागद दोन दिवसांत पुढच्या शहरात पोचतो, तिथला कुणीतरी तो पत्र्यावर पुन्हा कोरतो आणि मूळ कलावंताला एक दमडी मिळत नाही. ‘समुद्रदेवांची लढाई’ या भांडणावरच काढली असं ठामपणे सांगता येत नाही. चित्राची तारीखही नक्की नाही, आणि काही अभ्यासक यामागे प्राचीन ग्रंथांतल्या मासे खाऊन जगणाऱ्या जमातींचं वर्णन पाहतात. तरीही कलावंतांच्या मत्सराचं वाचन सर्वांत जिवंत वाटतं. देवाने पाठ फिरवल्यावर मासळीने मारामारी करणारे ते दांडगट, ही कलेच्या बाजारपेठेची थट्टा म्हणून बघितली की एकदम जवळची होते.

मत्सराने काढलेली नक्कल आणि आदराने काढलेली नक्कल यांत फरक करणं मात्र कठीण. 1494मध्ये न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेख्त ड्यूररने, तोही सोनाराचाच मुलगा, मान्तेन्याच्या त्या लढाईचा उजवा अर्धा भाग रेषेवर रेष ठेवून उतरवला. वय तेवीस. हे रेखाटन आज व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे. बाह्यरेषा त्याने जशाच्या तशा घेतल्या, पण छायेच्या रेषा स्वतःच्या केल्या: मान्तेन्याच्या तिरक्या, समांतर रेषांच्या जागी देहाच्या गोलाईबरोबर वळणाऱ्या. चारेक वर्षांनी त्याने स्वतःचं ताम्रचित्र कोरलं, ज्याला तो पुढे फक्त ‘हर्क्युलस’ म्हणत असे. त्यात एक स्त्री सोटा उगारून दुसऱ्या नग्न स्त्रीवर धावून जाते आहे. ती दुसरी एका सॅटरच्या, म्हणजे बोकडाच्या पायांच्या वनदेवाच्या, अंगावर रेललेली. हर्क्युलस पाठमोरा, डोक्यावर कोंबड्याचं विचित्र शिरस्त्राण, हातात आडवं धरलेलं झाड. तो भांडण सोडवतोय की मारणाऱ्या स्त्रीला साथ देतोय, हे ड्यूररने संदिग्धच ठेवलं. सद्गुण आणि विलास यांच्यात निवड करणारा हर्क्युलस ही त्या काळच्या शाळांतली पाठ गोष्ट. ड्यूररच्या पत्र्यावर मात्र सद्गुणाच्या हातात सोटा आहे आणि विलास निःशस्त्र. पाहणाऱ्याची सहानुभूती कुठे जाते, हे ज्याचं त्याने बघावं.

याच न्यूरेंबर्गमध्ये झेबाल्ड आणि बार्थेल बेहाम हे भाऊ मोठे झाले. 1525मध्ये, जर्मन शेतकऱ्यांचा उठाव पेटलेला असताना, या दोघांना आणि गेओर्ग पेन्त्सला धर्माबद्दल भलतीसलती मतं बाळगल्याबद्दल नगरसभेने हद्दपार केलं. इतिहासात ते ‘नास्तिक चित्रकार’ म्हणून ओळखले जातात. पुढच्या काही वर्षांत बार्थेलने नग्न योद्ध्यांच्या चिंचोळ्या पट्ट्या कोरल्या. डझनदीड डझन देह एकमेकांत इतके अडकलेले की कुठला हात कुणाचा ते कळू नये. झेबाल्डने 1542 ते 1548 या काळात हर्क्युलसचे पराक्रम कोरले, प्रत्येक चित्र साधारण पाच सेंटिमीटर उंच आणि सात रुंद. म्हणजे काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं. अशा चित्रांत पोल्लाइउओलोचा उद्धटपणा नाही. ती भिंतीवर लावायची नव्हती, वहीत चिकटवून, डोळ्याजवळ धरून, मित्रमंडळींत दाखवायची होती. जर्मन शहरांतल्या सुशिक्षित वाण्याला आपण रोमन इतिहास वाचलाय हे सांगायची ही स्वस्त सोय.

इटलीत तोवर लढाईचा ताण कधी कधी अतिच व्हायला लागला होता. 1506च्या जानेवारीत रोममध्ये जमिनीखालून लाओकोऑनचा पुतळा निघाला: सापांच्या विळख्यात तडफडणारा पुरोहित आणि त्याची दोन मुलं. मार्को देन्तेने तो ताम्रपत्रावर कोरला आणि प्रत्येक कलावंताला पिळवटलेल्या छातीचा तो नमुना मिळाला. साधारण 1540च्या दशकात निक्कोलो बोल्द्रिनीने चित्रकार टिशियनच्या कल्पनेवरून एक लाकडी ठसा केला. त्यात ठेवण तीच, साप तेच, पण पुरोहित आणि मुलांच्या जागी तीन माकडं. ही टिंगल प्राचीनांची होती, की त्यांची आंधळी नक्कल करणाऱ्यांची, यावर एकमत नाही. नकलाकाराला माकड म्हणायची चाल मात्र युरोपातही जुनीच.

शतकाच्या अखेरीस हा सगळा वारसा नेदरलँड्समधल्या हार्लेमला पोचला, हेन्ड्रिक गोल्टझियसच्या हातात. हात हा शब्द इथे अक्षरशः घ्यावा. लहानपणी विस्तवात पडून त्याचा उजवा पंजा भाजला आणि बोटं आखडून राहिली. त्याचा मित्र आणि चरित्रकार कारेल फान मान्डर ही हकीगत सांगतो. त्याच हाताने तो ब्युरिन चालवायचा, आणि 1588मध्ये त्याने त्याच वाकड्या पंजाचं रेखाटन मोठ्या तोऱ्यात केलं. त्याआधी दोन वर्षं, 1586मध्ये, त्याने ‘रोमन वीर’ ही दहा चित्रांची मालिका काढून सम्राट दुसऱ्या रुडोल्फला अर्पण केली. पूल एकट्याने अडवणारा होरेशियस कॉक्लिज त्यात आहे आणि टायटस मॅन्लियसही. मुशियस स्केव्होलाही आहे: शत्रूच्या छावणीत पकडला गेल्यावर आपला उजवा हात स्वतःहून आगीत धरणारा. भाजलेल्या हाताच्या कोरक्याने हे चित्र कोरताना काय मनात आणलं असेल, हे त्याने कुठे लिहिलं नाही, पण अभ्यासकांच्या नजरेतून हा योगायोग सुटलेला नाही.

काळ बघा. नेदरलँड्सचा स्पेनविरुद्ध उठाव चालू होता. स्वतः हार्लेमने 1572-73मध्ये महिनोन्‌महिने वेढा सोसून शरणागती पत्करली होती. 1584मध्ये उठावाचा नेता ऑरेंजचा विल्यम याचा खून झाला, 1585मध्ये अँटवर्प पडलं. अशा वेळी छातीचा कोट करून उभे राहिलेले रोमन वीर स्पेनच्याच राजघराण्याच्या नात्यातल्या सम्राटाला अर्पण होतात. देशप्रेम, की संरक्षक शोधणाऱ्या धंदेवाईकाचा हिशेब? बहुधा दोन्ही. हे वीर लढताना दिसत नाहीत हेही लक्षात घेण्यासारखं. लढाई मागे, मुंगीएवढ्या आकृत्यांत उरकलेली. पुढे फक्त देह.

तीन वर्षांनी, 1589मध्ये, ‘महा हर्क्युलस’ आला. यात स्नायूंचे एवढे गोळे आहेत की डच लोक त्याला गड्डेवाला माणूस म्हणू लागले. एका हातात सोटा, दुसऱ्या हातात नदीदेव अकीलोअसचं उपटलेलं शिंग, आणि मागे लहान आकारात अकीलोअसची आणि अँटिअसची झुंज. समुद्राला आणि नद्यांना बांध घालून जमीन मिळवणाऱ्या, अनेक प्रांतांचा मिळून एक देह झालेल्या नव्या राष्ट्राचं हे प्रतीक, असं काही जण मानतात. कोरीवकामाच्या दृष्टीने हा पत्रा म्हणजे कसरत आहे: एकच रेष फुगते, बारीक होते, पुन्हा फुगते, आणि त्या फुगण्यातूनच स्नायू उभा राहतो. पण सौंदर्य म्हणून बघायला गेलं तर तो वीर थोडा हास्यास्पद आहे, आणि हे गोल्टझियसला कळलं असावं.

कारण 1590मध्ये तो इटलीला गेला आणि तिथून परतल्यावर त्याची कोरणी बदलली. रोममध्ये त्याने फार्नेसे हर्क्युलसचं रेखाटन केलं. 1546मध्ये कॅराकॅलाच्या स्नानगृहांच्या अवशेषांत सापडलेला हा प्रचंड पुतळा म्हणजे पराक्रम संपवून दमलेला, सोट्यावर रेललेला वीर. त्यावरून 1592च्या सुमारास कोरलेल्या ताम्रचित्रात गोल्टझियसने तो पाठीकडून दाखवला. समोरून पाहणाऱ्याला न दिसणारी गोष्ट इथे दिसते: पाठीमागे नेलेल्या उजव्या हातातली हेस्पेरिडीजच्या बागेतली सफरचंदं. पुतळ्यापलीकडे, खाली, दोन माणसं मान वर करून बघत आहेत, आजच्या पर्यटकांसारखी. त्यांच्यामुळे पुतळ्याचा आकार कळतो, आणि हा देह जिवंत नसून दगडाचा आहे हेही. या प्रवासातून आलेले प्राचीन पुतळ्यांचे पत्रे गोल्टझियसने हयातीत विक्रीला काढले नाहीत. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला कोरणी बाजूला ठेवून तो तैलरंगाकडे वळला, कोरीवकामाचा धंदा सावत्र मुलगा याकोब माथामने पुढे चालवला, आणि फार्नेसे हर्क्युलस बाजारात आला तो 1617मध्ये, गोल्टझियस वारल्याच्या वर्षी.